‘तारण’ म्हणजे गहाण? : वाचक विचारतात

प्रश्न : मी मूळची अहिल्यानगरची, लग्नानंतर फोंड्याला आले. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबाचं काम करते. आठ वर्षं एकत्र डबा खाणाऱ्या मैत्रिणीने परवा विचारलं, “रविवारी चर्चमध्ये तुम्ही नेमकं करता तरी काय?” “प्रार्थना,” एवढंच म्हणून मी विषय बदलला. सांगायचं खूप होतं. पण ‘ही मला बाटवायला निघाली’ असं तिला वाटेल, या धास्तीने जीभ रेटली नाही. आता काय करू?

उत्तर : तुमची धास्ती निराधार नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, 1560 मध्ये सुरू झालं आणि कायमचं बंद झालं ते 1812 मध्ये. ‘बाटणे’ या शब्दामागे इथल्या घरांतल्या पिढ्यांच्या आठवणी आहेत. तो इतिहास निघाला तर बचाव करत बसू नका. “जे झालं ते चुकीचंच होतं,” हे सरळ म्हणा.

पण इथे विषय तुम्ही काढलेला नाही, तिने विचारलंय. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) सांगितलंय तेही विचारणाऱ्याला उत्तर देण्याबद्दल, आणि सौम्यतेने. तेव्हा डबा खाताना म्हणा, “परवा तू विचारलंस आणि मी टाळलं. सांगू का? दोन-तीन मिनिटांचं आहे. नको असेल तर नको म्हण, मला काही वाटणार नाही.” हे शेवटचं वाक्य गाळू नका. समोरच्याला नकार देणं जितकं सोपं, तितकी तुमची भीती कमी. कारण मग तिच्या ‘हो’चं ओझं तुमच्यावर राहत नाही.

आधी तिच्या प्रश्नाचंच उत्तर द्या : गीतं, पापांची कबुली, शास्त्राचं वाचन, उपदेश, अर्पण, काही रविवारी प्रभुभोजन. मग यातलं तुम्हाला काय धरून ठेवतं ते एका प्रसंगातून सांगा. एकाच. सगळं आयुष्य उलगडायला गेलात तर तिचा डबा संपेल आणि मुद्दा राहून जाईल. आदल्या रात्री हे कागदावर लिहा, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. तीनशेच्या आसपास शब्द पुरतात. ‘आधी सगळा अंधार होता, मग सगळा उजेड’ अशी मांडणी मात्र नको. आठ वर्षं तिने तुमची चिडचिडही पाहिली आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा शब्दांचा होतो. आपल्यासाठी ‘तारण’ म्हणजे पापातून सुटका, पण हिशेबाच्या खात्यात ‘तारण’ म्हटलं की कर्जासाठी ठेवलेली मालमत्ता आठवते. विश्वासाचा अनुभव सांगायचा म्हणून ‘साक्ष द्यायची आहे’ म्हटलं की कोर्ट. ‘मला नवा जन्म मिळाला’ हे वाक्य तर पुनर्जन्म मानणाऱ्या घरात भलतीकडेच जातं. त्याऐवजी ‘देवाने मला क्षमा केली’, ‘मी पुन्हा सुरुवात केली’ असं बोला. ‘कृपा’ हा शब्द खुशाल वापरा, तो भक्तिपरंपरेत वाढलेल्या कानाला ओळखीचा आहे. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे चारशे वर्षांपूर्वीच जाणलं होतं. 1616 मध्ये राशोलला छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण ओवीत आहे, आणि स्वर्गासाठी त्यात शब्द येतो वैकुंठ. ‘मूर्तिपूजक’, ‘अंधारातले लोक’ हे शब्द तोंडातच काय, मनातही नकोत. मनातले कधीतरी बाहेर पडतातच.

“सगळे देव एकच गं,” असं ती बहुधा म्हणेल. इथे काहीजण वादाला उभे राहतात, काही ‘हो हो’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही नको. “तुला तसं वाटतं हे कळलं. मला येशूत काय सापडलं, तेवढंच मी सांगू शकते,” इतकं पुरे. तिने येशूला आणखी एक अवतार मानलं तर लगेच दुरुस्ती करायची गरज नाही. पण थेट विचारलं तर ख्रिस्ती लोक त्याला अनेकांतला एक मानत नाहीत, हे लपवू नका. आणि मग तिला विचारा. ती कवळ्याच्या शांतादुर्गेबद्दल वीस मिनिटं बोलली, तर वीस मिनिटं ऐका, मनात उत्तर जुळवत नव्हे.

प्रश्न : आम्ही म्हापशाचे कॅथलिक. चवथीला शेजारून नेवऱ्या येतात, नाताळला आमच्याकडून दोदोल-बेबिंक जातं. यंदा ताटात सुवार्तेची छोटी पुस्तिका ठेवावी का?

उत्तर : नको. ताट घेणाऱ्याला नकाराची सोयच उरत नाही आणि पुढच्या वर्षीच्या बेबिंकचाही संशय येतो. त्यापेक्षा घरच्या लादाइन्हला, म्हणजे घरी गाऊन म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेला, बोलवा. योहानाच्या शुभवर्तमानात फिलिप्प नथनेलाशी वाद घालत नाही, “येऊन पाहा” म्हणतो. आधी सांगून ठेवा : साधारण किती वेळ लागेल, उभं कधी राहायचं, गुडघे टेकणं किंवा गाणं सक्तीचं नाही, नंतर उकडलेले चणे मिळतील. मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणार असतील तर कम्युनियन (प्रभुभोजनाचा प्रसाद) बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं, हेही घरीच सांगा. रांगेत उभ्या पाहुण्याला ऐनवेळी थांबवणं दोघांनाही अवघड जातं.

प्रश्न : वास्कोतल्या कार्यालयात मी विभागप्रमुख आहे. हाताखालच्या मुलाशी विश्वासाबद्दल बोललो, तेव्हा तो गप्प बसला. नंतर दुसऱ्याकरवी “हा विषय नको” असा निरोप आला. अपमान वाटतो आहे. पुन्हा प्रयत्न करू?

उत्तर : नाही. ज्याच्या रजेच्या अर्जावर तुमची सही लागते, तो तोंडावर ‘नको’ कसं म्हणेल? घटनेच्या 25व्या कलमात धर्मप्रसाराचं स्वातंत्र्य आहे, पण बळ, फसवणूक वा आमिषाने धर्मांतर घडवणं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितलं. तुम्ही आमिष दाखवलं नसेल. त्याच्या मनात पगारवाढीचा हिशेब सुरू झाला असेल, इतकंही वाईटच.

अपमानाबद्दल : तुमच्या जवळच सांकवाळला ज्यांचं स्मरण होतं, ते संत जोझेफ वाझ 1687 मध्ये भिकाऱ्याच्या वेषात श्रीलंकेत उतरले. कँडीत त्यांना हेर समजून कैदेत टाकलं. तिथे देवीच्या रोगाची साथ आली तेव्हा त्यांनी रुग्णांची सेवा केली, धर्म न विचारता.

त्या मुलाला एकदाच, दार उघडं ठेवून सांगा : “तुझा निरोप मिळाला. मी बोलायला नको होतं. कामावर याचा परिणाम होणार नाही.” पुढचा त्याचा रजेचा अर्ज त्याच दिवशी हातावेगळा करा.