शेंगा फोडता येतात का, ते आधी बघा

"मॅडम, वर्गातली सगळी पोरं पानभर लिहितात. ह्याला पेन्सिल दिली की रडतोय." सिनिअर केजीतल्या मुलाची आई सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) शाळेतून चिठ्ठी आल्यापासून रंग, माती सगळं बंद आणि रोज तासभर गिरवणी. चित्रं काढत बसला तर अभ्यासात मागे पडेल, ही धास्ती. सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांची हीच असते.

मी त्याला लिहायला सांगितलंच नाही. शेंगांची वाटी पुढे ठेवली. त्यानं शेंग मुठीत आवळली, मग थेट दाताखाली धरली. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबून टरफल फोडणं काही जमेना. पेन्सिलही अशीच मुठीत, हात खांद्यापासून हलणारा. चार ओळींत कळ लागणारच की! अक्षरं मात्र तो पटापट ओळखत होता.

गिरवणी थांबवली. संध्याकाळी चटणीच्या शेंगा त्यानं फोडायच्या, भाकरीच्या पिठातला एक गोळा त्याचा, अंगणात ओल्या मातीचे बैल. मेणखडूचे मुद्दाम बारके तुकडे केले; ते मुठीत धरताच येत नाहीत, चिमटीतच धरावे लागतात. भिंतीवर पाण्यात बुडवलेला ब्रश फिरवायचा, कारण उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप नीट वळतं.

"शेंगा फोडून पोरगं शिकतंय व्हय?" आजींचा सवाल. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकण्यावरच भर आहे, असं मी सांगून पाहिलं. आजींवर ढिम्म परिणाम नाही. काही आठवड्यांनी नातू शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला, तेव्हा कुठे पटलं.

थंडीत वडील त्याला हिप्परगा तलावावर पाहुणे पक्षी दाखवायला न्यायचे. घरी आल्यावर तो काढायचा: पाय चोचीपेक्षा लांब, पंख तीन. वडील लगेच, "ड्रॉइंग क्लास लावू का?" मी नको म्हटलं. छापील चित्रात रंग भरून घेणाऱ्या क्लासपेक्षा तीन पंखांचा पक्षी बरा.

लिहायला तो पहिलीत लागला. अक्षर अजून वेडंवाकडंच आहे, पण रडत नाही.

अर्थात शेंगा सगळ्यावर औषध नाहीत. सहा वर्षं उलटूनही बटण, चमचा, कात्री जमत नसेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं हातानं जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ) दाखवा. वही डोळ्यांजवळ धरत असेल तर आधी डोळे तपासून घ्या.