वाचकांचे प्रश्न : परीक्षा देऊन आणि जुने श्रेयांक जमा धरून मिळणारी पदवी

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आई-वडिलांसोबत ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला गेला, तेव्हा गोवा विद्यापीठाच्या बी.कॉम.ची दोनच वर्षे त्याने पूर्ण केली होती. आता तो एका दुकानात काम करतो आणि शिक्षण पुढे न्यायचे म्हणतो. जुने क्रेडिट जमा धरून आणि राहिलेल्या विषयांच्या नुसत्या परीक्षा देऊन ‘असोसिएट’ पदवी थोड्या पैशांत मिळते, असे त्याला कुणीतरी सांगितले आहे. वर्गात न बसता मिळणारी ही पदवी खरी असते का, आणि असल्यास त्याने सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : होय, ही पदवी खरी असू शकते. अमेरिकेतील असोसिएट पदवी साधारण ६० क्रेडिटची, म्हणजे श्रेयांकांची, असते आणि हे श्रेयांक एकाच महाविद्यालयात मिळवले पाहिजेत असे नाही. न्यू यॉर्कचे एक्सेलसियर (१९७१), न्यू जर्सीतीलच थॉमस एडिसन (१९७२) आणि कनेक्टिकटचे चार्टर ओक (१९७३) या तीन संस्था नोकरी-संसार सांभाळणाऱ्या प्रौढांसाठीच निघाल्या. इतरत्र झालेले शिक्षण तपासायचे, ते श्रेयांकांत मोजायचे आणि उरलेले पूर्ण करून घेऊन पदवी द्यायची, हे त्यांचे मुख्य काम आहे आणि तिन्हींना तेथील मान्यताप्राप्त मूल्यांकन मंडळांची मान्यता आहे.

मात्र आपल्या भाच्याने आज उठून परीक्षेचा अर्ज भरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अनेक विद्यार्थी आधी कळस मग पाया अशा रीतीने जातात. दिसेल ती परीक्षा देतात, हाताला लागेल तो ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करतात, आणि मग त्यांतील निम्मे श्रेयांक पदवीच्या चौकटीत बसत नाहीत हे त्यांना कळते. पदवी कोणत्या महाविद्यालयाची घ्यायची हे आधी ठरवावे, तेथे काय चालते आणि काय चालत नाही हे लेखी मागून घ्यावे, आणि त्यानंतरच पैसे खर्च करावेत.

पहिली पायरी गोव्यातच आहे. विद्यापीठाकडून अधिकृत गुणपत्रके मागवून ती परदेशी शिक्षणाचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे पाठवावी लागतात. डब्ल्यूईएस आणि ईसीई या अशा नावाजलेल्या संस्था आहेत, परंतु कोणाचा अहवाल चालेल हे महाविद्यालयालाच विचारावे. अहवाल विषयवार मागावा. नुसते ‘दोन वर्षांचे पदवी-शिक्षण’ असे सांगणारा स्वस्त अहवाल येथे फारसा उपयोगी पडत नाही. विषयवार अहवालात एकेका विषयापुढे त्याचे अमेरिकन श्रेयांक आणि श्रेणी लिहिलेली असते. समजा, त्यात वित्तीय लेखांकनाच्या ओळीपुढे श्रेयांक मिळालेले दिसले, तर त्याच विषयाची परीक्षा पुन्हा देण्यात अर्थ नाही, कारण एका विषयाचे श्रेयांक दोनदा धरले जात नाहीत. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सोपी वाटणारी परीक्षा नेमकी त्याच्या कामाची नसते, ती अशी. त्याला बहुधा इंग्रजी लेखन, निसर्गविज्ञान, मानव्यशास्त्र यांसारखे सर्वसाधारण शिक्षणाचे विषय कमी पडतील आणि परीक्षा तेथेच द्यायला हव्यात.

या परीक्षांपैकी सर्वांत परिचित आहे ती कॉलेज बोर्ड या अमेरिकी परीक्षा-संस्थेची ‘क्लेप’ (सीएलईपी). तिच्यात चौतीस विषय आहेत, बहुतेक परीक्षा दीड तासाच्या व बहुपर्यायी असतात, आणि गुण २० ते ८० या मापात मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या उच्च शिक्षण संस्थांच्या संघटनेची शिफारस ५० गुणांना श्रेयांक द्यावेत अशी आहे, पण काही महाविद्यालये काही विषयांत जास्त गुण मागतात. बहुतेक विषयांना तीन श्रेयांक मिळतात. शुल्क शंभर डॉलरच्या आतबाहेर असून परीक्षा केंद्राचे शुल्क वेगळे असते. ‘मॉडर्न स्टेट्स’ नावाची धर्मादाय संस्था या विषयांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकवते आणि ते पूर्ण करणाऱ्याला परीक्षा शुल्काचे व्हाउचर देते, त्याचा लाभ भाच्याने अवश्य घ्यावा. अनुत्तीर्ण झाल्यास तोच पेपर तीन महिन्यांनंतरच देता येतो, म्हणून ‘बघू तरी देऊन’ या भावनेने बसू नये.

आता पैशांचा हिशेब. परीक्षांचा मार्ग नेहमीच सर्वांत स्वस्त असतो, हे मला मान्य नाही. न्यू जर्सीच्या रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेज ऑपर्च्युनिटी ग्रँट नावाची राज्य योजना आहे. कुटुंबाचे कर-विवरणपत्रातील वार्षिक समायोजित एकूण उत्पन्न (एजीआय) ६५ हजार डॉलरपर्यंत असेल आणि विद्यार्थी सत्राला किमान सहा श्रेयांक घेत असेल, तर काउंटी कॉलेजचे, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयाचे, शिक्षण शुल्क या योजनेतून भागू शकते. ग्रीन कार्डधारकाला गरजू विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय पेल अनुदानासाठीही अर्ज करता येतो. शिवाय तेथील काउंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. (कला किंवा विज्ञान शाखेची असोसिएट) पदवी राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांनी पुढील शिक्षणासाठी स्वीकारावी, अशी राज्यव्यापी व्यवस्था २००८ पासून आहे. भाच्याला पुढे पूर्ण पदवी घ्यायची असेल तर ही गोष्ट फार मोलाची आहे. माझे मत असे, की त्याने जवळच्या काउंटी कॉलेजच्या सल्लागाराला आधी भेटावे, गोव्याचे श्रेयांक तेथे किती धरतात ते पाहावे, आणि राहिलेल्यांपैकी तीन-चार विषय परीक्षांनी भागवावेत.

‘जीवनानुभवावर आठवड्यात पदवी’ देणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. संस्थेचे नाव अमेरिकी शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या सूचीत शोधावे, आणि तेथे ते नसेल तर एक डॉलरही देऊ नये.

प्रश्न : अशी असोसिएट पदवी घेऊन कोणी गोव्यात परतला, तर सरकारी नोकरीला ती चालेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तिच्या भरवशावर राहू नये. दोन वर्षांची ही पदवी आपल्या तीन वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरली जात नाही. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५च्या नियमांनुसार ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळवलेल्या परदेशी पदवीला समकक्षता मिळत नाही. गोव्यात परतण्याचा विचार पक्का असणाऱ्याने इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, पदवी घ्यावी. इग्नूचे पणजी विभागीय केंद्र पर्वरीला आहे आणि सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबरमध्ये होतात.

प्रश्न : माझी मुलगी साखळीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे. घरच्या अडचणीमुळे वर्षअखेर तिला शिक्षण थांबवावे लागेल असे दिसते. तिची दोन वर्षे वाया जातील का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : नाही. गोव्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत दुसऱ्या वर्षाअखेर ८० श्रेयांक झाले आणि चार श्रेयांकांचा व्यावसायिक विषय किंवा उन्हाळी प्रशिक्षण पूर्ण केले, तर पदविका मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत तिला पुन्हा प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. ते चार श्रेयांक शेवटच्या घटकेला आठवून उपयोग नाही, म्हणून प्राचार्यांना आत्ताच भेटावे.

घरी असताना ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-मंचावरील अभ्यासक्रम तिला विनामूल्य शिकता येतील, पैसे पडतात ते परीक्षेचे. सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय या मार्गाने धरण्याची मुभा आयोगाने विद्यापीठांना दिली आहे. तरीही कोणता विषय चालेल हे महाविद्यालयाकडून आधी लिहून घ्यावे.

तिच्या श्रेयांकांची नोंद अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन व्यवस्थेतील तिच्या खात्यात झालेली आहे ना, हेही पाहावे. हे खाते आधारशी जोडलेले असते. आपल्याकडे जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने आणि आधारवर दुसऱ्याच वळणाने लिहिलेले पुष्कळदा आढळते, आणि गुणपत्रकावरचे नाव त्याच्याशी जुळले नाही तर नोंद अडकते. ती महाविद्यालयाच्या पटावर आहे तोवर कार्यालयातून ही दुरुस्ती सहज होते, म्हणून महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढण्यापूर्वीच ती करून घ्यावी.