तेर द एर्मेस घेताय? आधी हे वाचा

मित्रा, घाई करू नकोस, या परफ्युमचा आधी २-५ एमएलचा डिकँट घे, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढलेला नमुना. तेर द एर्मेस २००६ ला आलं, जाँ-क्लोद एलेनानी बनवलेलं, आणि ते दुकानात कागदी पट्टीवर मारून दोन मिनिटांत ठरवण्यासारखं परफ्युम नाहीच. सुरुवातीला संत्रं आणि ग्रेपफ्रूट येतं, जरा कडवट, सालीसकट, मग मिरी, पण हे लिंबूवर्गीय रेणू हलके असतात त्यामुळे लवकर उडतात आणि नवीन लोक म्हणतात "अरे हे तर टिकतच नाही". टिकतं रे! खाली सीडर, म्हणजे देवदारासारखं सुगंधी लाकूड, आणि व्हेटिव्हर आहे, व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळाच, उन्हाळ्यात माठात टाकतो तो, आणि तो ओल्या मातीसारखा वास खरा तासाभरानंतर उघडतो. मला तर तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

मनगटावर मार, घासू नकोस, आणि दिवसभर अंगावर राहू दे. अजून एक, यात आयसो ई सुपर नावाचा लाकडी वासाचा घटक भरपूर आहे, नाकाला त्याची सवय होते आणि काहींना तो नीट जाणवतच नाही, म्हणून सारखं सारखं परत मारत बसू नकोस, घरच्यांना विचार येतोय का ते.

याचा ओ द त्वालेत हा हलका प्रकार आपल्या दमट हवेत छान चालतो, पार्फम हा दुसरा प्रकार जास्त दाट आणि लाकडी आहे, ते थंडीसाठी ठेव. आणि बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको, कपाटात ठेव, उन्हानं संत्र्याचा वास आधी बिघडतो.