पाळी पुढे गेली की आधी मागे मोज

प्रिय मुली,

पाळी नऊ दिवस पुढे गेली म्हणतेस, तर आधी मोजणी तपासू. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, आणि तिथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. पाळी संपल्यापासून मोजणाऱ्या मुली पुष्कळ. मग २८ दिवसांचं चक्र त्यांना २३ दिवसांचं वाटतं. नुसता डाग दिसला तो दिवस धरू नकोस. मोठ्या वयात २१ ते ३५ दिवस आणि पाळी नुकती सुरू झाल्यावरच्या दोन-तीन वर्षांत ४५ दिवसांपर्यंतचं चक्र चालतं.

आता मुख्य गोष्ट. पाळी लांबली म्हणजे बहुतेक वेळा बीज उशिरा सुटलेलं असतं. बीज सुटल्यावर गर्भ राहिला नाही, तर साधारण १२ ते १४ दिवसांत पाळी येते. हा भाग फारसा ताणला जात नाही. ताणला जातो तो त्याआधीचा. तुझं चक्र २८ ऐवजी ३७ दिवसांचं झालं, तर बीज चौदाव्याऐवजी तेविसाव्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार. म्हणून कारण आजच्या दिवसात शोधू नकोस, दोन-तीन आठवडे मागे जा. ताप, परीक्षेची जागरणं, रात्रपाळी, लांबचा प्रवास, झपाट्याने उतरलेलं वजन, यातलं काही तेव्हा घडलं होतं का?

शरीरसंबंध आला असेल, तर कितीही काळजी घेतलेली असो, गर्भधारणेची चाचणी पहिली. सकाळची पहिली लघवी घे आणि पट्टीसोबतच्या कागदावर दिलेल्या वेळेतच निकाल वाच. त्या वेळेत उमटलेली फिकट दुसरी रेघही होकारच. बऱ्याच वेळाने उमटलेली धरू नये. नकार आला आणि तरी पाळी नाही, तर आठवड्याने पुन्हा कर, कारण बीज उशिरा सुटलं असेल तर गर्भाचं संप्रेरक अजून पुरेसं वाढलेलं नसतं. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा खांदादुखी असेल, तर थांबू नकोस, त्याच दिवशी रुग्णालय गाठ; गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. थोडं अंगावरून गेलं म्हणून गर्भ नाही असं समजायचं नाही.

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढे होते. त्याहून जास्त लांबली तर चाचणी कर.

दर वेळी असंच होत असेल तर गोष्ट वेगळी. पीसीओएस म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून बीज नियमित न सुटण्याचा विकार. त्यात बीजाच्या पिशव्या वाढू लागतात, पण एकही पूर्ण पिकत नाही. सोनोग्राफीत दिसतात त्या याच अडकलेल्या पिशव्या. ‘सिस्ट’ हे नाव उगाच घाबरवतं. किशोरवयात तर केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. अनियमित पाळीसोबत हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं आहेत का, ते पाहायचं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) यांच्या बिघाडानेही पाळी लांबते; तो रक्ततपासणीत कळतो. स्तनातून दूध येत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांग. उलटीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, मात्र त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

कमी खाऊन भरपूर व्यायाम करणाऱ्या मुलींचं दुखणं मात्र सहज नजरेतून सुटतं. शरीराला ऊर्जा पुरेना झाली की मेंदू बीजकोशाला जाणारा इशाराच मंद करतो. वजन ‘बरोबर’ दिसत असतानाही हे होतं आणि महिनोन्महिने चाललं तर हाडं ठिसूळ होतात. इथे उपाय व्यायाम कमी करून पोटभर जेवणं हाच. पाळी परतायला काही महिने लागू शकतात.

तीन महिने पाळी आली नाही, चक्रं सतत २१ दिवसांच्या आत किंवा ३५ च्या (पाळी नुकती सुरू झाली असेल तर ४५ च्या) पुढे जाऊ लागली, किंवा रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, तर डॉक्टरांकडे जा. तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास हेच चाललंय, तर लगेच. पाळी आणायला पाच-दहा दिवसांच्या गोळ्या मिळतील. त्या संपल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होईल, पण मूळ कारण तिथेच राहतं. तरी त्या टाळू नकोस, कारण बीज न सुटता महिने गेले की गर्भपिशवीचं अस्तर जाड होत जातं.

जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, चालू गोळ्यांची नावं आणि वर्षभरातला वजनाचा फरक कागदावर लिहून ने. डॉक्टर विचारतील ते पहिले प्रश्न हेच असतील.

तुझी,
ताई