गाडीत पेट्रोलचा वास फक्त मलाच येतो, नवरा म्हणतो भास आहे. गळती कशी शोधायची?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. २००४ ची झेन, टाकी फुल केली की दोन दिवस आत वास, खाली थेंब दिसत नाही, गॅरेजवाला म्हणतो टाकीच बदला आणि मिस्टर म्हणतात तुला भास होतो. यातलं शेवटचं वाक्य मी तीन महिने ऐकलंय, फक्त माझ्याकडे ते दादा म्हणायचा. वास येतोय म्हणजे पेट्रोल कुठूनतरी बाहेर पडतंय. पेट्रोलचा भास सहसा होत नाही कोणाला.

२०११ ची गोष्ट. बाबांची १९९६ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना भाग असलेली. पंधरा वर्षं झाली म्हणून परत पासिंग करायचं होतं आणि दादाचं म्हणणं खर्च कशाला, काढून टाकू. गाडी रोज तोच चालवायचा, मी फक्त रविवारी बाबांना सदाशिव पेठेतून बिबवेवाडीला आत्याकडे न्यायचे. स्वारगेटच्या सिग्नलला थांबलं की भपकन वास, गाडी हलली की गायब. आता कळतं की काचेच्या खालच्या जाळीतून आत हवा येते, गाडी उभी असली की बोनेटखालचं सगळं तिकडूनच आत येतं. तेव्हा दादाला सांगितलं तर म्हणाला जुन्या गाडीला थोडा वास येतोच, तुझं नाक जरा जास्तच आहे. अ‍ॅव्हरेज पंधरावरून अकरावर आलं होतं तरी हेच.

एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडून साफ केला, पॅकिंग बदललं, दोन हजार घेतले, वास तसाच. दुसरा तुमच्या गॅरेजवाल्यासारखंच म्हणाला, टाकी बदला. कुठून गळतंय ते न शोधता पार्ट बदलायला सांगणाऱ्याकडे गाडी टाकूच नये, हे माझं ठाम मत आहे.

मग मी तीन रात्री गाडीखाली पेपर अंथरले, पुढे मागे मधे. तिन्ही सकाळी पेपर कोरडे. दादा म्हणाला बघ! पुढे ऑफिसच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांना सहज विचारलं तर ते म्हणाले, ताई बंद गाडीत काय बघताय, चालू करून बघा. आमच्या ८०० ला पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो, इंजिन फिरलं तरच तो पेट्रोल ढकलतो. इंजिन बंद म्हणजे पाईपात जोर नाही आणि जोर नाही तर थेंब कुठून पडणार. आणि चालू गाडीत जे गळतं ते गरम इंजिनवर पडून तिथेच उडून जातं, जमिनीपर्यंत येतच नाही.

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना आम्ही गाडी ढकलत पार्किंगमधून बाहेर मोकळ्यात आणली, मी बोनेट उघडून टॉर्च घेऊन उभी राहिले आणि बाबांना सेल्फ मारायला सांगितला. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाईप जेमतेम वीतभर असेल, वरून बघितला तर ठणठणीत. टिश्यू पेपरची सुरळी करून क्लॅम्पच्या, म्हणजे पाईप आवळणाऱ्या पट्टीच्या, मागे खालच्या बाजूने फिरवली तर ती ओली. बाबांनी जरा रेस दिली आणि तिथे मोत्याएवढा थेंब फुगताना मला दिसला, मी ओरडलेच बंद करा बंद करा. काढून वाकवला तर क्लॅम्पखालचं रबर सगळं तडकलेलं. नाना पेठेतून नवा पाईप आणि दोन क्लॅम्प आणले, दीडशेच्या आत काम झालं, पुढच्या रविवारी स्वारगेटला काचा बंद करून थांबलो, वास नाही. बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

दादा तो तुकडा बघून म्हणाला, एवढंसं? एवढंसं कसं! बिल्डिंगच्या खाली बंदिस्त पार्किंग, त्याच भिंतीवर अख्ख्या बिल्डिंगचे लाईटचे मीटर, शेजारी वॉचमन बिडी ओढत बसायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचून राहते.

आता तुमचं. तुमची झेन इंजेक्शनवाली, म्हणजे पेट्रोल दाबाने इंजिनात फवारणारी, तिचा पंप टाकीच्या आत असतो, त्यामुळे माझी गोष्ट तुम्हाला जशीच्या तशी लागू नाही. टाकी फुल केल्यावरच वास येतो म्हणजे गळती टाकीच्या वरच्या भागात असणार. पेट्रोल भरायच्या नळीपासून टाकीपर्यंतचा जाड रबरी पाईप, त्याच्या बाजूचा टाकीतली हवा बाहेर सोडणारा बारीक ब्रीदर पाईप, पंपाच्या झाकणाचं पॅकिंग, या तीन जागा आधी बघायला सांगा. टाकीचा पत्रा खालून सडला असता तर अर्ध्या टाकीलाही गळलं असतं. आणि पंपावर नोझल आपोआप बंद झालं की बस, वर राउंड फिगर करायला भरू देऊ नका, जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि मग तोही वास मारतो.

पाईप बदलाल तर साधा रबरी पाईप अजिबात नको. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. इंजेक्शनच्या लाईनमध्ये साधारण तीन बारचा दाब असतो, तिथे एसएई जे ३० आर ९ (SAE J30R9) असं छापलेलाच पाईप मागा, जुना तुकडा साईझसाठी बरोबर न्या. क्लॅम्पही कडा गोल असलेले घ्या, धारदार पट्टी रबर कापते, आमचा पाईप तिथेच गेला होता. वरून सील लावून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं, इंजेक्शनची लाईन स्वतः उघडू नका. गाडी बंद केल्यावरही तिच्यात दाब राहतो. मेकॅनिक आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो. टाकीला वेल्डिंग करू म्हणाला तर नको म्हणा, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ असते. आणि थेंब दिसला तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, त्याला घरी बोलवा. पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा.

आणि मिस्टरांचं. रोज त्याच वासात बसलं की नाकाला तो जाणवेनासा होतो, दादाचं तेच झालं होतं, मी आठवड्याने एकदा बसायचे म्हणून मला यायचा. तसंही दुरुस्तीपर्यंत गाडी काढायची नाहीये, तर टाकी भरलेली असताना चार दिवस मोकळ्यात उभी ठेवा आणि पाचव्या दिवशी सकाळी त्यांनाच दार उघडायला सांगा. दादाला मी हे तेव्हा करायला लावायला हवं होतं. तो तडकलेला तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.