बळी, यज्ञ की अर्पण? लेवीयातली पाच नावे आणि ‘देवाचा कोकरा’

एका वाचकाचा प्रश्न आहे. मराठी बायबलमधले ‘लेवीय’ हे पुस्तक वाचताना होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण अशी नावे एकामागोमाग येतात. काही आवृत्त्यांत त्यांचेच होमबली, अन्नबली, पापबली झालेले दिसतात, मध्येच ‘यज्ञ’ही डोकावतो. हे सगळे एकच का? आणि ख्रिस्ती माणसे तर देवापुढे पशू कापत नाहीत, मग येशूला ‘बळी’ आणि ‘देवाचा कोकरा’ का म्हणतात?

आधी ‘बळी’कडे बघू, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. आज आपण बळी म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे मेलेला माणूस येतो. भूकबळी, हुंडाबळी, दरड कोसळून गेलेले बळी. क्रिकेटच्या बातमीत गोलंदाजही ‘पाच बळी’ घेतो. ‘बलिदान’ त्यातल्या त्यात मानाचे, पण त्यातही मरण आहेच. (बळीराजा आणि ‘बळी तो कान पिळी’ यांतला बळी निराळा, त्याचा इथे संबंध नाही.) संस्कृतातला ‘बलि’ मात्र असा रक्ताळलेला नव्हता. वाटा, भेट, राजाला द्यायचा कर, भूतमात्रांसाठी काढून ठेवलेला घास हे सगळे बलीच. श्राद्धाच्या दिवशी पानातून काढतात तो काकबळी म्हणजे कावळ्यासाठीचा भात. त्यात कावळ्याला कोणी मारत नाही. शिवाय जुन्या गृह्यविधीत अग्नीत टाकतात ती आहुती आणि जमिनीवर मांडतात तो बली, असा भेद आहे. त्या परंपरेत मुरलेल्या माणसाला ‘होमबली’ हा जोडशब्द थोडा खटकेलच.

लेवीयाच्या पहिल्या अध्यायाच्या आरंभीच जो हिब्रू शब्द येतो तो आहे ‘कोर्बान’. त्याचा धातू ‘जवळ येणे’ या अर्थाचा. कोर्बान म्हणजे देवाजवळ आणलेली वस्तू. बैलही कोर्बान आणि मूठभर पीठही कोर्बान. मार्काच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, हा शब्द तसाच्या तसा येतो: आईबापांना द्यायचे ते ‘कोर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे सांगून हात वर करणाऱ्यांना येशू खडसावतो. शब्दात मारण्याचा अर्थ नाही. म्हणून ‘बळी’पेक्षा ‘अर्पण’ मला सरस वाटते. त्यात जवळ येण्याची छटा उतरत नाही हे खरे, पण निदान ते वाचकाला उलट्या दिशेला नेत नाही. ‘यज्ञ’ हा हिब्रू ‘झेवाह’साठी ठीक चालतो, झेवाह म्हणजे कापलेला पशू आणि त्यामागोमाग होणारे जेवण.

आता पाच नावे. होमार्पण हे ‘ओला’. अर्थ: वर जाणारे. आणणाऱ्याने पशूच्या डोक्यावर हात ठेवायचा, मग तो कापायचा, सोलायचा, त्याचे तुकडे करायचे. वेदीभोवती रक्त टाकणे आणि लाकडांवर तुकडे रचणे एवढे याजकाकडे. आपण कल्पना करतो की सगळे पुरोहित करतो आणि यजमान लांब हात जोडून बसतो. इथे सुरी यजमानाच्याच हातात आहे. कातडे याजकाला मिळते, बाकी सगळे जळून धूर होऊन वर जाते. कोणाच्याही पानात काही पडत नाही. यरुशलेमातले मंदिर उभे असताना रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कोकरू असे जात असे.

अन्नार्पण हे ‘मिन्हा’. मूळ अर्थ भेट, नजराणा. सपीठ, तेल, वर ऊद. याजक त्यातून मूठभर पीठ आणि सगळा ऊद वेदीवर जाळतो, उरलेले याजकांचे. मीठ हवेच, खमीर आणि मध मात्र जाळायच्या वस्तूंत चालत नाहीत. हाच शब्द उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाच्या धान्याला आहे आणि हाबेलाच्या कोकरांनाही आहे, म्हणजे तिथे तो नुसता ‘भेट’ एवढ्याच अर्थाचा. यहुदी लोकांच्या दुपारच्या प्रार्थनेचे नाव आजही मिन्हाच आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी, घरांत एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचे ताट मांडतात: भिजवलेले पोहे, खोवलेले ओले खोबरे, साखर, वेलची, सोबत फळे. शुभकार्याआधी किंवा नवस फिटल्यावर हा विधी होतो, मग ताट सगळ्यांत वाटले जाते. वेदी नाही, अग्नी नाही, पण आभार मानायला देवापुढे अन्न ठेवायचे हे तिथे जिवंत आहे.

मलिदा वाटून खातात या अंगाने मात्र तो तिसऱ्या प्रकाराला जवळचा: शांत्यर्पण, ‘झेवाह शेलामीम’. यात चरबी देवाची, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, आणि बाकीचे मांस आणणाऱ्याच्या घरचे. देव, याजक आणि घरदार एकाच पशूवर जेवतात. ‘शांती’ हा शब्द इथे तोकडा पडतो. ‘शालोम’चेच हे भावंड, म्हणजे सगळे जागच्या जागी असणे, संबंध धड असणे. यातले आभाराचे अर्पण ‘तोदा’. त्याचे मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत ठेवायचे नाही. मला ही अट फार सुंदर वाटते, कारण अख्खा पशू एका दिवसात संपवायचा तर शेजारीपाजारी बोलवावेच लागतात. इस्रायलमध्ये गेलेले आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल दुकानात, बसमध्ये दिवसातून कितीदा तरी ‘तोदा’ म्हणतात. आजच्या हिब्रूत ‘आभार’ याला तोच शब्द आहे.

चौथ्या नावापाशी जरा थांबायला हवे. ‘हत्तात’ म्हणजे पापार्पण, आणि हिब्रूत पाप आणि त्यावरचे हे अर्पण या दोहोंना हा एकच शब्द आहे. तरी ‘पापार्पण’ म्हटले की मराठी वाचक दर वेळी गुन्हेगार शोधू लागतो. लेवीयाचा बारावा अध्याय पाहा. बाळंतीण शुद्धीचे दिवस भरल्यावर एक कोकरू होमार्पणासाठी आणि एक पक्षी हत्तातसाठी आणते. तिने कोणते पाप केले? कोणतेच नाही. गणनाच्या सहाव्या अध्यायात नवस पुरा करणाऱ्या नाझीरालाही (देवाला वाहून घेतलेल्या व्रतस्थालाही) हत्तात द्यावे लागते. त्याने तर पुण्यच केले आहे. म्हणून जेकब मिलग्रोम या विद्वानाने आग्रहाने मांडले की हत्तात म्हणजे शुद्धीचे अर्पण. माणसाच्या चुकीचा आणि अशुद्धीचा डाग पवित्रस्थानावर पडतो, तो रक्ताने धुवायचा. रक्त वेदीच्या शिंगांना लावतात ते याचसाठी. हा अर्थ मला पटतो. मराठीत ‘शुद्ध्यर्पण’ हा शब्द रुळला तर किती बायकांच्या मनातला ‘बाळ होणे हे पाप का?’ हा सल जाईल! शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की मरीयेने येशूच्या जन्मानंतर हेच अर्पण केले, आणि ते दोन पक्ष्यांचे, म्हणजे ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी ठरवून दिलेले.

गरिबाची सवलत याहून पुढे जाते. लेवीयाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की दोन पक्षीही जमत नसतील तर एफा या मापाचा दहावा भाग सपीठ आणा, त्यावर तेल-ऊद नको, तेही पापार्पण म्हणून चालेल. ‘रक्तावाचून क्षमा नाही’ हे नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्रातले वाक्य वारंवार ऐकवले जाते. पण त्या वाक्याचा आरंभ ‘नियमशास्त्राप्रमाणे बहुतेक सर्व काही रक्ताने शुद्ध होते’ अशा अर्थाचा आहे, आणि त्या ‘बहुतेक’मध्ये ही पिठाची मूठ बसते.

पाचवे ‘आशाम’, दोषार्पण. हे नुकसानीशी बांधलेले आहे. ठेव बुडवली, फसवून काही घेतले, तर ते परत करायचे, वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा, आणि मग मेंढा आणायचा. आधी माणसाचे देणे, मग देवाचे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की भावाचे तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्यामागे हीच शिस्त आहे.

एका वाक्प्रचाराचा हिशेबही इथेच करतो. इंग्रजीतल्या ‘स्केपगोट’साठी आपण सर्रास ‘बळीचा बकरा’ लिहितो. पण लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दोन बकरे उभे असतात. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वराचा ठरतो आणि दुसरा अजाजेलाचा (या नावाचा अर्थ नक्की नाही). पहिला कापला जातो, त्याचे रक्त पडद्याच्या आत नेतात. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून लोकांचे अपराध बोलून दाखवतो आणि त्याला जिवंत रानात सोडून देतात. स्केपगोट तो हा दुसरा. म्हणजे आपला मराठी प्रतिशब्द नेमका चुकीच्या बकऱ्यावर जाऊन बसला आहे! बातमीत तो आता रुळला, तिथे वाद नाही. पण बायबलवर लिहिताना ‘सोडलेला बकरा’ म्हणावे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. ख्रिस्ती लोक ही अर्पणे करत नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती येशूच्या मरणात पुरी झाली. इब्रीकरांस पत्राचा सगळा युक्तिवाद हाच आहे: बैलांचे आणि बकऱ्यांचे रक्त पापे दूर करू शकत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे पुन्हा द्यावे लागे, ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केले. पण बहुतेक प्रवचनांत येशू फक्त ‘आपल्या पापांसाठी बळी’ एवढाच उरतो, आणि नवा करार तेवढ्यावर थांबत नाही. इफिसकरांस पत्रात तो देवाला सुवासिक अर्पण आहे. ही होमार्पणाची भाषा. इब्रीकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात तो वेशीबाहेर दुःख सोसतो, कारण ज्या पापार्पणाचे रक्त आत नेत त्याची शरीरे छावणीबाहेर जाळत. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला सेवक आपला जीव ‘आशाम’ म्हणून देतो, आणि चर्चने तो अध्याय पहिल्यापासून येशूविषयी वाचला. पौल प्रभुभोजनाविषयी लिहिताना वेदीवरचे खाणाऱ्या इस्राएलाची आठवण देतो, ते शांत्यर्पण. पाचांतली चार नावे अशी एका माणसावर आणून ठेवलेली आहेत. ‘बळी’ या एका शब्दाने हे झाकते. हतबल होऊन मेलेला कोणी असा अर्थ निघतो, आणि शुभवर्तमान तर सांगते की त्याने प्राण आपण होऊन दिला.

‘देवाचा कोकरा’ हे योहानाच्या शुभवर्तमानातले बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शब्द. रोजच्या बोलण्यात आपण ‘ते कोकरू’ म्हणतो, चर्चने येशूसाठी पुल्लिंगी ‘कोकरा’ घेतला. हा कोणता कोकरा? एकच उत्तर देता येत नाही, आणि द्यायचा हट्टही करू नये. वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या रात्रीचा, कोकरा आहेच: दारांच्या चौकटीला रक्त, घरात बसून जेवण, हाड मोडायचे नाही. पौल ख्रिस्ताला थेट आपला वल्हांडणाचा कोकरा म्हणतो, आणि वधस्तंभावरच्या येशूचे हाड मोडले गेले नाही हे योहान मुद्दाम नोंदवतो. पण वल्हांडण हे पापार्पण नव्हे, ती सुटकेची रात्र. ‘जगाचे पाप वाहून नेणारा’ हे शब्द यशयाच्या वधाला नेलेल्या कोकराकडे बोट दाखवतात. रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या कोकरांची आठवणही पहिल्या ऐकणाऱ्यांना झाली असणार, कारण तेव्हा मंदिर उभे होते. ते रोमनांनी इ. स. 70 मध्ये पाडले, आणि यहुद्यांचीही पशूंची अर्पणे तिथेच थांबली. पुढे त्यांच्याकडे प्रार्थना, दान आणि शास्त्राभ्यास हे त्या जागी आले. अर्पणांचा शेवट फक्त ख्रिस्त्यांनी केला असे लिहिणे म्हणून बरोबर नाही. ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे होशेय संदेष्ट्याचे म्हणणे येशूने उद्धृत केले आणि रब्बींनीही (यहुदी धर्मगुरूंनीही) मंदिर गेल्यावर त्याचाच आधार घेतला.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट, लिहिणाऱ्यांसाठी. वसईकडचे कॅथलिक ‘मिस्साबलिदान’ म्हणतात, प्रॉटेस्टंट मंडळ्या ‘प्रभुभोजन’. हा नुसता बोलीचा फरक नाही. 1562 साली ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवले की मिस्सा हा खराच यज्ञ आहे, त्यात वधस्तंभावरचेच अर्पण रक्ताविना पुढे ठेवले जाते; तर प्रॉटेस्टंट सुधारकांचे म्हणणे होते की अर्पण एकदाच झाले, आपण त्याचे स्मरण करतो आणि त्याच्या पंक्तीला बसतो. तेव्हा कॅथलिक घरच्या कार्यक्रमाचे वृत्त देताना ‘प्रभुभोजन’ लिहू नका, आणि मेथॉडिस्ट चर्चच्या पत्रिकेत ‘बलिदान’ घालू नका. दोन्हीकडे पानावर भाकर तीच असली तरी दोन्हीकडचे लोक शब्द विचारपूर्वक वापरतात. बाकी लेवीयावर लिहिताना सरसकट ‘अर्पण’ घ्या, जेवणासह असेल तिथे ‘यज्ञ’, आणि ‘बळी’ शक्य तितका टाळा.