तुमचे प्रश्न : जनावरांचं कायरोप्रॅक्टिक आणि पशुवैद्य

प्रश्न : परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, अमेरिकेतल्या परीक्षा देऊन परवाना घेतला आणि अठरा वर्षं ओहायोत गाईघोड्यांची प्रॅक्टिस करतो आहे. गाभण तपासण्या करून करून उजवा खांदा कामातून गेलाय आणि कामाचा कंटाळाही आलाय. जनावरांचं कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्याचे अडलेले सांधे हातानं दाब देऊन सोडवणं, शिकून नव्यानं सुरुवात करता येईल का? घोड्याचा मणका हलवायला ताकद किती लागते?
— एक पशुवैद्य, ओहायो

उत्तर : ताकदीचं आधी सांगतो, कारण बहुतेकजण तिथेच अडतात. इथे पाठ ढकलायची नसते. एकच सांधा हेरायचा आणि त्याच्या पृष्ठभागाच्या दिशेनं झटकन, अगदी थोड्या अंतराचा दाब द्यायचा. दाब हळू दिला की घोडा स्नायू आवळतो आणि सांधा जागचा हलत नाही. मग माणूस आणखी जोर लावतो आणि स्वतःचा खांदा दुखावून घेतो.

तुमच्या बाबतीत उंची फार महत्त्वाची. जमिनीवर उभं राहून पाठीला हात घातला तर कोपर खांद्याच्या वर जातं, आणि दुखऱ्या खांद्याला नेमकी हीच हालचाल सोसत नाही. गवताच्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यावर उभे राहा. छाती मणक्याच्या वर आली पाहिजे, म्हणजे दाब हातातून न येता अंगातून येतो. मागे उडी मारायला जागा मोकळी ठेवा. घोडा धरणारा तुमच्याच बाजूला हवा. घोडा बिथरला तर धरणारा त्याचं तोंड तुमच्याकडे ओढतो आणि मागचं धड तुमच्यापासून दूर जातं. दोन्ही हातांनी काम करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आणि गाभण तपासण्या खरोखर कमी करणार असाल तरच यात पडा, नाहीतर खांद्यावर दोन्ही ओझी येतील.

शिक्षणाचं म्हणाल तर अमेरिकन व्हेटरनरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन १९८९ पासून आहे. तिच्या मान्यतेच्या अभ्यासक्रमाला किमान २१० तास लागतात. प्रवेश फक्त पशुवैद्यांना आणि माणसांच्या कायरोप्रॅक्टरना. वर्ग काही दिवसांच्या टप्प्यांत असल्यानं दवाखाना बंद ठेवावा लागत नाही. शेवटी लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा असतात. शरीररचना तुम्हाला येते असं धरून चालू नका. घोड्याला पाठीचे १८, कमरेचे ६ आणि त्रिकास्थीचे ५ मणके हे तोंडपाठ असेल, पण सांध्याचा पृष्ठभाग मानेत तिरपा, पाठीत बराचसा आडवा आणि कमरेत उभा असतो. दिशा दर ठिकाणी बदलते, आणि दिशा चुकली की दाब फुकट जातो.

माणसांकडून आलेल्या कायरोप्रॅक्टरचे हात तयार असतात, पण जनावराचं निदान कच्चं असतं. पशुवैद्याचं नेमकं उलट. सांधा कुठे अडलाय हे बोटांना कळायला वर्गापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून कोर्स चालू असतानाच दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जनावराची पाठ, दाब न देता, चाचपत राहा. निरोगी पाठ पुरेशी हाताखालून गेली नसेल तर बिघडलेली ओळखणार कशी?

पैशांचं गणित वेळेवर चालतं. पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास धरा, फी वेळेवर लावा आणि एकाच तबेल्यातले घोडे एका दिवशी घ्या, नाहीतर कमाई गाडीच्या टाकीत जाते. गाईंवर फार भरवसा ठेवू नका. प्रदर्शनाची गाय सोडली तर दूधवाला मणक्यासाठी पैसे काढत नाही. सुरुवातीचं वर्ष जुनं काम आठवड्यात दोन-तीन दिवस चालू ठेवा. दुसऱ्या पशुवैद्यानं पाठवलेल्या घोड्याचा अहवाल त्याला त्याच दिवशी पाठवा आणि त्याच्या घोड्याला लस टोचायच्या फंदात पडू नका. रुग्ण पळवतो असं एकदा बोललं गेलं की पाठवणारे आटतात.

पाटीवर काय लिहायचं तेही पाहा. काही राज्यांत ‘कायरोप्रॅक्टर’ हा शब्द माणसांच्या परवानाधारकांसाठी राखीव आहे, त्यामुळे राज्याच्या मंडळाकडून लेखी उत्तर घ्या.

आता कटू भाग. पुरावा तुटपुंजा आहे. २०२१ मध्ये निघालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात बहुतेक अभ्यास घोड्यांवरचे आणि लहान निघाले. पाठीचा ताठरपणा, वळायला कुरकुर, खोगीर चढवताना चावायला येणं, एवढ्याबद्दल आशा दाखवा. लंगडणं, पोटदुखी, वांझपणा यांच्या नावानं कुणाकडून पैसे घेऊ नका. दोन-तीन भेटींत फरक पडला नाही तर दाब देणं थांबवा आणि खोगीर, खूर, दात आणि एक्स-रे पाहा. खोगीर टोचत असेल तर मणका कितीही वेळा सोडवा, आठवड्यात परत अडकतो.

प्रश्न : पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. हे इथे कायदेशीर आहे का? परदेशी प्रमाणपत्रावर तिकडे काम मिळेल का?
— बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., पुणे

उत्तर : तुमची राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी आहे, तेव्हा निदान करून हाताने उपचार करणं तुमच्या कामातच बसतं. नोंदणी नसलेल्या माणसाला मात्र भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ च्या कलम ३० खाली पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. म्हणजे हे काम दवाखान्यातल्या मदतनिसावर सोपवू नका. प्रमाणपत्राचं म्हणाल तर ते परवाना नव्हे. अमेरिकेत काम करायचं तर परदेशी पदवीची पडताळणी, नावली (NAVLE, तिथली पशुवैद्यांची परवाना परीक्षा) आणि राज्याचा परवाना हा लांबचा रस्ता चुकत नाही.

दवाखान्यात लागणारं सामान थोडं : न घसरणारी चटई, रिफ्लेक्सचा हातोडा, चिमटा. मालकाची लेखी संमती घ्या आणि कोणता मणका, कोणत्या बाजूला अडलेला, हे दर भेटीला लिहा. हात लावण्याआधी कुत्र्याला कडक फरशीवर सरळ चालवा, दुडकं पळवा, मग मागच्या पायाची नखं बघा. मधल्या दोन नखांची वरची बाजू घासलेली असेल तर पाय फरपटतोय. तो कुत्रा आधी मज्जासंस्थेच्या तपासणीला जातो. पोमेरेनियन, यॉर्कशायर, चिवावा यांच्या मानेला दाब नको, कारण पहिल्या दोन मणक्यांची जोडणी जन्मतःच सैल असू शकते. मान दुखणारा डॉबरमन किंवा ग्रेट डेनही आधी तपासणीला. गाठ, हाड मोडलेलं, मणक्यातला जंतुसंसर्ग, यांत दाबाचा विचारही नाही.

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा डॅशहंड कालपासून मागचे पाय लटपटत चालतो. गावातला हाडवैद्य माणसांच्या पाठी बसवतो, तो याचीही बसवून देतो म्हणतो. दाखवू का?
— नाशिक

उत्तर : नाही. आणि अंक हातात येईपर्यंत थांबायचं नसतं म्हणून तुम्हाला फोनवर कळवलंच आहे. बाकीच्यांसाठी लिहितो. या जातीत मणक्यांमधली चकती फुटून मज्जारज्जूवर दाब येतो आणि पाठीवर झटका दिला तर ती आणखी बाहेर येऊ शकते. कुत्र्याला उभं धरून मागचा पंजा उलटा ठेवा. त्यानं लगेच सरळ केला नाही तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. लघवी तुंबली असेल किंवा बोट जोरात चिमटल्यावर तो वळून बघतही नसेल, तर शस्त्रक्रियेसाठी तास मोजून हातात असतात. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ आडवी. घरातली आयब्युप्रोफेन देऊ नका. पशुवैद्यानं स्टेरॉइड दिलं असेल तर सोबत आयब्युप्रोफेनच्या जातीचं कुठलंही वेदनाशामक नको. चालता येत असेल आणि शस्त्रक्रिया नको ठरली, तर चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती. सोफा नाही, जिना नाही, बाहेर फक्त शी-शूपुरतं, तेही पट्टा लावून. आठवड्यात बरा दिसला म्हणून लोक सोडतात, आणि दुसरा झटका येतो तो तेव्हाच.